आंब्याच्या बागेतल्या नेपाळी दाईला (म्हणजे दादाला) मत का नाही?

मे महिन्यात रत्नागिरी-देवगडकडच्या बागांत जा, कलमावर झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन चढलेला, खाली पेट्या भरणारा, रात्री राखणीला असणारा माणूस बहुतेक वेळा नेपाळी असतो. त्यातले कितीतरी जण पश्चिम नेपाळचे, अछाम, बाजुरा, कैलाली इकडचे. एकेक माणूस वर्षानुवर्षं त्याच बागेत येतो, घरच्यासारखा होतो, पण त्याच्या गावात कारभार कसा चालतो हे आपण कधी विचारत नाही. मी विचारायला लागलो आणि मग सोडवेना, जे मिळेल ते वाचत सुटलो.

नेपाळमध्ये 1997 नंतर गावपातळीवर निवडणूक झाली ती थेट 2017 ला. मधली वीस वर्षं! नवी राज्यघटना 2015 ची, तिच्यानुसार तीन हजारांवर जुन्या गाव विकास समित्या मोडून देशात 753 स्थानिक सरकारं केली आणि त्यातल्या 460 गाउँपालिका, म्हणजे खेड्यांच्या पालिका. सरकारं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय कारण बारावीपर्यंतची शाळा, प्राथमिक आरोग्य, स्थानिक कर, रस्ते, पाणी हे सगळं घटनेनेच त्यांच्याकडे दिलंय. आपल्याकडे गावातली शाळा जिल्हा परिषदेची, दवाखाना पण तिचाच, सरपंच अर्ज घेऊन तालुक्याला. अर्थात तिथेही सगळं गोड नाही, 2023 ला हजारो शिक्षक काठमांडूच्या रस्त्यावर उतरले होते, आम्हाला पालिकेच्या हाताखाली नको म्हणून.

मला सगळ्यात आवडली ती पालिकेची न्यायिक समिती, गावातली भांडणं ऐकणारी. तिची प्रमुख गाउँपालिकेची उपाध्यक्ष (शहरात उपप्रमुख), आणि 2017 ला देशभरात उपप्रमुख-उपाध्यक्ष बहुतेक सगळ्या बायकाच निवडून आल्या कारण पक्षाने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन्ही पदांना उमेदवार दिले तर एक बाई असलीच पाहिजे असा नियम. बांधाचं भांडण, पाटाच्या पाण्याची पाळी, बुडवलेली मजुरी, म्हाताऱ्या आईबापाला न सांभाळणारा मुलगा, ही प्रकरणं तिच्यासमोर येतात. प्रत्येक वॉर्डात दोन बायका सदस्य, त्यातली एक दलित, हेही कायद्याने पक्कं. 2022 ला मात्र पक्षांनी आघाड्या करून अध्यक्ष एका पक्षाचा पुरुष, उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा पुरुष अशी पळवाट काढली आणि बायकांचा आकडा घसरला. याची मला खरंच चीड आहे.

आता मूळ मुद्दा. ही 2022 ची निवडणूक कधी झाली? 13 मे. म्हणजे ऐन हापूसच्या काढणीत. तिथे एका मतपत्रिकेवर स्वस्तिकाचे सात शिक्के मारायचे असतात, अध्यक्ष, उपाध्यक्ष, वडाध्यक्ष (वडा म्हणजे वॉर्ड) आणि वॉर्डाचे चार सदस्य, आणि ते मारायला गावातच जावं लागतं. भाडं, मोडलेली मजुरी, जाऊन-येऊन कितीतरी दिवस, कोण जाणार हो? मागे राहिलेली बायको मुलाच्या जन्मदाखल्याला, नागरिकत्वाच्या शिफारशीला वडा कार्यालयात हेलपाटे घालते, डोंगर उतरून चढून, आणि नवरा फोनवर विचारतो सही झाली का. ज्याच्या सहीवाचून त्याचं पान हलत नाही तो वडाध्यक्ष निवडताना हा माणूस इथे आपल्या पेट्या भरत असतो.

परदेशातल्या नेपाळींना मतदानाची सोय करा असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 लाच सांगितलंय. 2022 ला काही ती झाली नाही. आणि चर्चा निघाली की आखाती देश, मलेशिया, तिथली श्रम परवानगीवाली माणसं, एवढ्यावरच गाडी अडते. भारतात यायला नेपाळी माणसाला ना व्हिसा लागतो ना श्रम परवानगी, त्यामुळे तो कुठल्याच यादीत सापडत नाही. माझं स्पष्ट मत आहे, भारतातल्या मजुरांना वगळून केलेली सोय ही सोयच नाही. आणि बागायतदार मित्रांनो, सोय होईल तेव्हा होईल, पुढच्या वेळी निवडणूक पुन्हा मे मध्ये आली तर ज्याला गावी जायचंय त्याला आठ-पंधरा दिवस सोडा, जायचं भाडं द्या आणि परत आल्यावर काम त्याचंच ठेवा.