'शुअर' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांस

जत्रेच्या नाटकासाठी रंगमंचाच्या फळ्या अग्रशाळेतून, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतून, देवळाच्या पटांगणात आणायच्या आहेत, तरी रविवारी पाच वाजता कोण कोण येईल, असे मी काल गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारले होते. त्यावर उत्तरांचा नुसता पाऊस पडला. 'शुअर', 'डेफिनेटली', 'काउंट मी इन', 'ऑलवेज हॅपी टू हेल्प' असे सारे होते, आणि एका महाशयांनी 'विथ प्लेझर' लिहून पुढे नाचणारी बाहुली जोडली होती. आज पाच वाजता पटांगणात मी, शेजारचे काका आणि भटजींचा मुलगा असे तिघेच होतो. फळ्या सागवानी आहेत. ज्यांनी त्या कधी उचलल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

माझा इंग्रजीवर राग नाही. गोव्यात बार्देशच्या किनाऱ्यावरील एका हॉटेलात स्वागतकक्षात उभे राहूनच मी संसार केला आहे. तिथे आम्हाला शिकवले जाई की पाहुण्याला 'नो प्रॉब्लेम' म्हणायचे नाही, कारण त्याच्या मागणीत काही अडचण असू शकते हे सुचवणेच अशिष्ट. म्हणायचे ते 'सर्टनली' किंवा 'माय प्लेझर'. मात्र 'सर्टनली' म्हटल्यावर पाहुण्याच्या खोलीत टॉवेल पोहोचलाच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी व्यवस्थापकासमोर उभे राहावे लागे. तो शब्द उच्चारला की आपण बांधले गेलो, इतके साधे होते ते. आपण मात्र त्यातला गोडवा तेवढा उचलला आणि बंधन त्या हॉटेलातच ठेवून आलो.

आमचे हे शेजारचे काका दाबोळीच्या नौदल तळावर बिनतारी संदेशाच्या कामात होते. एकदा चतुर्थीच्या दिवसांत मी त्यांना माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायला हात लावाल का, असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "विल्को." मला वाटले, रागाने काहीतरी बोलले. मग त्यांनी समजावले की रेडिओवर 'रॉजर' म्हणजे केवळ 'तुमचा संदेश पूर्ण मिळाला'. त्यात होकार नसतो. सांगितलेले करणार असाल तरच 'विल्को', म्हणजे 'विल कम्प्लाय'. म्हणून 'रॉजर, विल्को' असे जोडून म्हणणे चित्रपटांत शोभते, रेडिओवर नव्हे, कारण विल्कोमध्ये रॉजर आलेच. (रॉजर हे त्या काळच्या वर्णमालेत 'आर' या अक्षराचे नाव होते, 1956 साली नवी वर्णमाला आली आणि 'आर'चा रोमिओ झाला, पण रॉजर काही हटला नाही.) हे सांगून झाल्यावर काका शिडीवर चढले आणि नारळांचा घड बांधूनच खाली उतरले.

तेव्हापासून गटावर अंगठा दिसला की मी मनात 'रॉजर' म्हणतो. संदेश मिळाला, आभारी आहे.

होकाराच्या इतक्या छटा असलेली भाषा आपण वापरतो आणि त्या छटांकडे पाहतसुद्धा नाही, याचा मला अधिक त्रास होतो. 'विलिंगली' म्हणजे कोणाच्या जबरदस्तीविना, 'ग्लॅडली' म्हणजे मनापासून आनंदाने. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आय वुड लव्ह टू' ऐकून हुरळून जाऊ नये, कारण त्याच्या मागोमाग बहुधा 'बट' येतो, आणि इंग्रज पाहुण्यांनी ते मला पुष्कळदा दाखवले आहे. उलट तेच इंग्रज चहा पुढे केल्यावर 'गो ऑन देन' असे कुरकुरल्यासारखे म्हणत आणि दोन कप संपवत. त्यांच्या चर्चमध्ये 1549 च्या प्रार्थनापुस्तकापासून नवरा-नवरी पुरोहिताच्या प्रश्नाला 'आय विल' असे उत्तर देतात. तिथे 'शुअर' चालत नाही. आणि आमच्या गटातील एका सुशिक्षित गृहस्थांनी काल मला लिहिले, 'बाय ऑल मीन्स'! अहो, हे परवानगी देताना म्हणतात. म्हणजे फळ्या मी खुशाल उचलाव्यात, त्यांची काही हरकत नाही. खरे सांगायचे तर साऱ्या गटात तेवढे एकच उत्तर प्रामाणिक ठरले.

आता कोणीतरी खाली लिहीलच की मराठीतही 'बघतो', 'येऊ की', 'करूया काहीतरी' आहेच. मान्य आहे. पण 'बघतो' ऐकून कोणी बाकडी मांडत नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, कारण गटातील निम्मी मुले या हंगामात कळंगुट, कांदोळीच्या हॉटेलांत राबतात हे मला ठाऊक आहे. दिवसभर परक्या माणसांना 'माय प्लेझर' म्हणून तोंड आंबलेल्या मुलाने रात्री बसमधून आमच्या गटावरही तोच शब्द सवयीने टाकला, तर त्याला काय बोलणार? त्या मुलांची ड्युटी होती, आणि त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही.

पण बाहुलीवाल्या महाशयांना ड्युटी नव्हती. ते पाचच्या सुमारास बाजारात मिरची भजी खात होते, हे भटजींच्या मुलाने येतानाच पाहिले होते. काकांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि फळीचे दुसरे टोक त्यांच्या हातात होते, हे त्या महाशयांनी कृपया वाचावे.

अजून पडदे आणि बाकडी आणायची आहेत. बुधवारी रात्री आठ वाजता, तालमीच्या आधी. ज्यांना जमणार नाही त्यांनी सरळ 'जमणार नाही' असे लिहावे. मी वाईट वाटून घेणार नाही, आणि घेतले तरी ते जत्रेपर्यंतच टिकेल. ज्यांना जमेल त्यांनी स्वतःचे नाव आणि येण्याची वेळ लिहावी. अंगठे मी मोजणार नाही.