पन्नाशीनंतर ‘फक्त चाला’? तेवढ्यानं भागत नाही

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा : पन्नाशी उलटली की स्नायू वाढत नाहीत, तेव्हा वजनं, जोर-बैठका बंद करा. गुडघ्यांना ठरावीक आयुष्य असतं, म्हाताऱ्या पैलवानांचे गुडघे बघा, तेव्हा ते वाचवा. हृदयाचे ठोके मोजून मिळालेले असतात, ते उधळू नका. लाटांवर फळी घेऊन जाणं वगैरे पोरांचे खेळ, पडलात तर हाड मोडेल. रोज चाला, हलकं खा, बास. आणि शेवटी मुलांना विनंती, की आई-वडिलांना हे पटवून द्या.

मला हा मेसेज बऱ्याच जणांनी आवर्जून पाठवला, कारण सत्तावन्नाव्या वर्षी मी सर्फिंग करते. पावसाळा सरला की आजरा-आंबोलीमार्गे खाली उतरून गोव्यातल्या आश्वे-मोरजीच्या किनाऱ्यावर जाते. पाठवणाऱ्यांना माझी काळजी आहे, हे मला कळतं. पण असले मेसेज वाचून चांगल्या धडधाकट माणसांनी व्यायाम सोडलेला मी बघते आहे, आणि ते बघवत नाही.

पहिलं, स्नायूंचं. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या, अशक्त झालेल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम दिला गेला, तोही चांगला जड. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. मांडीचे स्नायूही सुमारे नऊ टक्क्यांनी भरले. नव्वदीत हे होत असेल तर पन्नाशीत दार बंद झालं असं कुणी सांगूच नये. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू थोडे थोडे घटत जातात आणि साठीनंतर ही घट वेग घेते, हे खरं आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मेसेजच्या बरोबर उलटा आहे : वय वाढेल तसा ताकदीचा व्यायाम जास्त गरजेचा होतो.

‘फक्त चाला’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. चालणं उत्तमच. रंकाळ्याची फेरी मीही सोडत नाही. पण उतारवयात आधी आणि जास्त आटतात ते झटक्यानं काम करणारे स्नायूतंतू. पाय घसरला तर सावरायला, खालून पटकन उठायला तेच लागतात, आणि सावकाश चालण्यात त्यांना फारसं कामच पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना पासष्टीपुढच्यांना काय सांगतात ते बघा : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्ही सांभाळणारा व्यायाम. मेसेजनं यातला पहिला भाग ठेवला आणि बाकीचा गाळला.

सर्फिंगमध्ये हे स्वच्छ दिसतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं की माणूस सगळा वेळ लाटेवर उभा आहे. प्रत्यक्षात पाण्यातला जवळपास निम्मा वेळ फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मागे सारण्यात जातो, उरलेला बराचसा लाटेची वाट बघण्यात, आणि उभं राहणं शंभरातली चार-पाच मिनिटं. म्हणजे खांदे, पाठ आणि दम हवा. लाट आली की छातीखाली तळवे टेकून एका झटक्यात पोटावरून पायांवर यायचं. आपल्या तालमीत सपाट्या, म्हणजे जोर आणि बैठक एकत्र, मारतात त्यांना ही हालचाल वेगळी शिकवावी लागणार नाही. कोल्हापूरला समुद्र नाही, पण सर्फिंगसाठी लागणारं शरीर इथं तयार होतं : भिंतीला हात टेकून जोर, मग खुर्चीवर, मग जमिनीवर, आठवड्यातून काही दिवस पोहणं, दात घासताना एका पायावर उभं राहणं. माझी तयारी हीच.

आता गुडघे. इथं मेसेज म्हाताऱ्या पैलवानांचा दाखला देतो, आणि कोल्हापुरात तो लगेच पटतो, कारण काठी टेकत चालणारे जुने मल्ल सगळ्यांनी पाहिलेत. तो दाखला नीट तपासायला हवा. २०१७ मध्ये धावपटूंवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं. गुडघ्याची किंवा खुब्याची झीज स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली, बैठ्या माणसांत १०.२ टक्के आणि हौसेनं, बेतानं धावणाऱ्यांत फक्त ३.५ टक्के. म्हणजे अतिरेकी ताणानं सांधा बिघडू शकतो, हे मान्य. खासबागेच्या मातीत वर्षानुवर्षं लढताना गुडघा पिरगळतो, दुखापत अंगावर काढली जाते. पुढे मेहनत थांबते, खुराक मात्र कमी होत नाही, आणि वाढलेलं वजन त्याच जायबंदी गुडघ्यावर येतं. यात दोष बेताच्या बैठकांचा नाही. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यावर भार येतो आणि सुटतो, तेव्हा भोवतालच्या द्रवातून तिला पोषण मिळतं. गुडघा झिजेल म्हणून हलवायचाच नाही, असं ठरवलं तर त्याचं पोषणच कमी होतं.

ठोक्यांचा हिशेब तर मेसेजवाल्यांनी करूनच बघावा. समजा बसल्या जागी मिनिटाला ७५ ठोके पडतात आणि तासभर व्यायामात १३० पडले. त्या तासात ३,३०० ठोके जादा खर्च झाले. नियमित व्यायामानं विश्रांतीचे ठोके मिनिटाला नुसते पाचनं उतरले, तरी उरलेल्या तेवीस तासांत ६,९०० वाचतात. ठोके ठरलेले असतात ही कल्पनाच चुकीची आहे, पण ती मानली तरी हिशेब व्यायामाच्याच बाजूनं लागतो. मात्र छातीत दुखणं, थोड्या श्रमानं धाप लागणं, चक्कर येणं, असं काही असेल किंवा रक्तदाब-मधुमेह असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जोराचा व्यायाम सुरू करू नका.

हाड मोडण्याची भीती बायकांना जास्त घातली जाते, म्हणून थोडं त्याबद्दल. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या शंभरेक बायकांवर एक चाचणी झाली. सरासरी वय पासष्ट. निम्म्या जणींना आठ महिने आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं आणि उड्यांचा व्यायाम दिला. त्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. नजरेखाली हा शब्द मात्र विसरू नका. सर्फिंगलाही तेच लागू आहे : ओळखीचा किनारा, सोबत शिकवणारा, आणि कंबर मागे वाकवून फार वेळ पालथं पडायचं नाही. पाठीत कळ आली किंवा पाय बधिर वाटले तर तिथंच बाहेर या. अशा वाकण्यानं पाठीतल्या मज्जारज्जूला इजा होण्याचा हा धोका उलट नवख्या तरुणांतही दिसतो.

‘पोरांचे खेळ’ म्हणणाऱ्यांसाठी : जपानचे सेइइची सानो ऐंशीव्या वर्षी सर्फिंग शिकले आणि सर्वात वयस्क सर्फर म्हणून ८८ व्या वर्षाचा विक्रम त्यांच्या नावावर नोंदला गेला. अमेरिकी सर्फर केली स्लेटरनं पन्नाशीला काही दिवस बाकी असताना, फेब्रुवारी २०२२ मध्ये हवाईतल्या पाइपलाइनच्या लाटांवर स्पर्धा जिंकली.

हलकं खाण्याबद्दल एवढंच, की उतारवयात स्नायू टिकवायला प्रथिनं थोडी जास्तच लागतात, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ते सव्वा ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच. नुसत्या भाकरी-आमटीवर रात्र काढणाऱ्या आयांच्या ताटात अंडं, दही, उसळ, मटणाच्या दोन फोडी वाढा. आणि मेसेज वाचून आईला काही पटवून द्यायचंच असेल, तर हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते तिला करून बघायला सांगा, आणि उद्यापासून तिच्याबरोबर तुम्हीही ते करा.