सड्याला पडीक म्हणणाऱ्यांसाठी

‘कोकणची खरी गोष्ट’ नावाचा मेसेज सध्या फिरतोय. त्यात म्हटलंय की रत्नागिरीला शिवकाळाआधी इतिहास नाही, कातळशिल्पं (उघड्या खडकावर कोरलेली जुनी चित्रं) परग्रहवासीयांनी कोरली, एवढा पाऊस पडूनही टँकर लागतो कारण माणसं आळशी, आणि सडे (कोकणातली उघड्या कातळाची सपाट पठारं) म्हणजे नुसता पडीक दगड, भाव आहे तोवर विकून मोकळे व्हा. माझ्या आतेभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी गावी फोन केला, “काका, सड्यावरची जमीन काढून टाकूया.” म्हणून हे लिहितोय.

परग्रहवासीयांचा पुरावा काय, तर देवाचे गोठणेच्या सड्यावर होकायंत्र भरकटतं. भरकटतं, हे खरं आहे. पण जांभ्यात, म्हणजे सड्याच्या तांबड्या दगडात, लोह भरपूर असतं आणि लोहाच्या खनिजांनी सुई हलते, हे शाळेतली मुलंही सांगतील. शिल्पं माणसांचीच आहेत. कशेळीला भल्यामोठ्या हत्तीच्या रेषेच्या आत कितीतरी प्राणी कोरलेत. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेही नाही. कोरणाऱ्याने तो पाहिलेला असणार. नेमक्या काळावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण ही शिल्पं शिवकाळाच्या फार आधीची आहेत याबद्दल वाद नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून ती उजेडात आणली, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. त्यातली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली, आणि ही सातही सड्यावरची. ‘पडीक दगडा’वरची!

माझा खरा राग या ‘पडीक’वर आहे. मे महिन्यात गाडीतून बघितलं की सडा करपलेला दिसतो, कबूल. पहिल्या पावसानंतर तिथे दीपकाडी फुलते, जी कोकण-गोव्याच्या सड्यांबाहेर जवळपास कुठेच नाही. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद या रानफुलांनी कातळ झाकून जातो. त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतो आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून, विहिरींतून बाहेर येतो. काकांच्या आगरातली विहीर अशीच भरते. वर चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) काढली किंवा सपाटीकरण केलं, की खालच्या वाडीचं पाणी तुटतं.

टँकर लागतो, हेही खरं. पण पाऊस चार महिन्यांत कोसळतो, सह्याद्री ते समुद्र अंतर थोडं, नद्या आखूड आणि उताराच्या, पाणी थांबतच नाही. त्यात आळसाचा काय संबंध? उलट, सडे विकले तर टँकर आणखी लवकर सुरू होतील.

शिवकाळाआधीच्या इतिहासाचं राहिलं. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत, आणि दाभोळ बंदर एवढं भरभराटीला आलेलं होतं की १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळलं. हे आतेभावाला पाठवलंय. काकांनी सातबारा कपाटात ठेवलाय आणि व्यवहाराला नकार कळवलाय.