‘पायथन काढा आणि पुन्हा टाका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या गटांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: पिपने (पायथनची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, उतरवून बसवणाऱ्या साधनाने) ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ असे दाखवूनही प्रोग्रॅममध्ये पॅकेज इम्पोर्ट होत नसेल, म्हणजे वापरासाठी आत घेता येत नसेल, तर इन्स्टॉलेशन बिघडलेले आहे, म्हणून पायथन पूर्ण काढून टाका, सर्वांत नवी आवृत्ती घ्या, अ‍ॅडमिन म्हणून पॅकेज पुन्हा टाका, आणि ज्या नावाने टाकले त्याच नावाने इम्पोर्ट करा. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, आणि कधीमधी तो लागूही पडतो. परंतु तो ज्या गृहीतकांवर उभा आहे, त्यांतले एकही तपासणीत धड टिकत नाही.

पहिले गृहीतक असे की, पिपचा यशाचा संदेश आणि त्यानंतरची एरर एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. वास्तविक त्या सर्रास एकाच वेळी खऱ्या असतात. पिपच्या त्या संदेशाचा अर्थ मर्यादित आहे: ज्या पायथनचा तो पिप आहे, त्या पायथनच्या ‘साइट-पॅकेजेस’ या फोल्डरमध्ये फाइली जाऊन बसल्या. इम्पोर्ट मात्र तुमचा प्रोग्रॅम जो पायथन चालवतो तो करतो, आणि तो ‘सिस.पाथ’ या यादीत नोंदलेल्या फोल्डरांमध्येच, यादीतल्या क्रमाने, शोध घेतो. एकाच लॅपटॉपवर अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेला एक पायथन, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेला दुसरा, अ‍ॅनाकोंडा या पॅकेजांच्या तयार संचाबरोबर आलेला तिसरा आणि एखाद्या प्रकल्पाच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमधला (त्या प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनच्या फोल्डरमधला) चौथा असे सुखाने नांदत असतात, आणि प्रत्येकाचे साइट-पॅकेजेस वेगळे असते. पोस्टमनने पत्र टाकले हे खरे, पण ते शेजारच्या बिऱ्हाडात पडले, असा हा प्रकार आहे.

त्यामुळे पहिली तपासणी दोन ओळींची आहे. जो प्रोग्रॅम अडतो, त्याच्याच सुरुवातीला पायथनमधलेच ‘सिस’ हे मॉड्यूल (इम्पोर्ट करता येणारा कोडचा भाग) इम्पोर्ट करून ‘सिस.एक्झिक्युटेबल’, म्हणजे चालू असलेल्या पायथनचा पत्ता, छापावे; मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) पिपला त्याची आवृत्ती विचारावी, कारण त्या उत्तरात पिप कोठे आहे आणि तो पायथनच्या कोणत्या आवृत्तीचा आहे हेही येते. दोन्ही पत्ते वेगवेगळ्या पायथनचे निघाले, तर दोष सापडला. अशा वेळी नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता, छापून आलेल्या त्याच पायथनचा पूर्ण पत्ता देऊन पुढे ‘-एम पिप इन्स्टॉल’ आणि पॅकेजचे नाव लिहिले, की फाइली योग्य ठिकाणी जातात. ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये तुकड्यातुकड्याने कोड चालवण्याच्या साधनात, हा घोळ अधिक होतो, कारण नोटबुकचा कर्नल (नोटबुकमागे कोड चालवणारा पायथन) आणि टर्मिनलमधला पायथन एकच असेल याची खात्री नसते. तिथे नोटबुकच्या चौकटीतच पिपच्या आधी टक्क्याचे चिन्ह लावून कमांड द्यावी, म्हणजे पॅकेज त्या कर्नलच्याच पायथनमध्ये जाते. माझ्यापुढे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटल्या आहेत.

दुसरे गृहीतक, पायथन काढला की पाटी कोरी होते. विंडोजवर तसे होत नाही. मुख्य फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसल्यास पिप पॅकेज वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’मधल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये टाकतो, आणि पायथन अनइन्स्टॉल केला तरी ते फोल्डर जागेवरच राहते. पिपचा कॅशही (आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा) राहतो, त्यामुळे तीच आवृत्ती ‘पुन्हा’ टाकताना बहुधा तीच जुनी फाइल कॅशमधून परत येते. उलट नुकसान मात्र निश्चित होते: त्या पायथनवर उभारलेली प्रत्येक व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट मूळ पायथन गेल्यामुळे बंद पडते, आणि ज्या स्थितीत एरर आली होती ती स्थितीच नष्ट झाल्यामुळे कारण शोधण्याचा मार्गही बुजतो.

सर्वांत नवी आवृत्ती घ्या, हा सल्ल्याचा भाग तर अनेकदा दुखणे वाढवतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या पायथन 3.12 मधून ‘डिस्टयूटिल्स’ हे पॅकेजेस बांधण्यासाठीचे जुने मॉड्यूल काढून टाकण्यात आले. त्यावर विसंबलेली काही जुनी पॅकेजेस इन्स्टॉल होतात, पण इम्पोर्ट करताच ‘डिस्टयूटिल्स’ नावाचे मॉड्यूल नाही म्हणून थांबतात. पॅकेजांच्या नव्या आवृत्तींचेही तसेच: जून 2024 मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची 2.0 ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा नमपाय 1 गृहीत धरून कंपाइल केलेली कितीतरी पॅकेजेस लोड होताना कोसळू लागली. एररमध्ये तसे स्पष्ट लिहिलेले असते, पण संदेश लांबलचक असल्याने तो कोणी वाचत नाही. अशा वेळी एक तर त्या पॅकेजची नमपाय 2 साठी तयार केलेली आवृत्ती घ्यावी, नाहीतर त्या प्रकल्पापुरते नमपाय 2 च्या खालच्या आवृत्तीवर ठेवावे. ‘पिप चेक’ ही कमांड पॅकेजांनी जाहीर केलेल्या आवृत्तींच्या अटी जुळतात की नाही ते सांगते. न जुळणाऱ्या जोड्यांपैकी काही तिथेच उघड होतात.

अ‍ॅडमिन होण्याबद्दल थोडक्यात. परवानगीचा प्रश्न असेल तर इन्स्टॉल करतानाच एरर येते किंवा पॅकेज दुसऱ्या फोल्डरमध्ये जाते. चुकीच्या पायथनमध्ये टाकलेले पॅकेज अ‍ॅडमिनच्या अधिकाराने टाकले तरी चुकीच्याच पायथनमध्ये राहते. लिनक्सवर तर सिस्टीमची स्वतःची साधने तिच्यासोबत आलेल्या पायथनवर अवलंबून असतात, म्हणूनच डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत अनुक्रमे 12 आणि 23.04 या आवृत्तींपासून पिपला तिथे हात लावू दिला जात नाही. तो अडसर ओलांडण्याच्या पर्यायाचे नाव ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ असे आहे. याहून स्पष्ट इशारा कोणी काय द्यावा? पायथन 3.3 पासून ‘व्हीएन्व्ह’ हे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनवण्याचे साधन सोबतच मिळते, ते वापरावे.

इन्स्टॉलचे नाव तेच इम्पोर्टचे नाव, हे गृहीतक सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि नवख्यांना सर्वाधिक फसवते. ‘ओपनसीव्ही-पायथन’ टाकले तरी इम्पोर्ट ‘सीव्ही2’ करावे लागते, ‘पिलो’चे ‘पीआयएल’ होते, ‘सायकिट-लर्न’चे ‘एसकेलर्न’, ‘पायवायएएमएल’चे नुसते ‘यामल’ आणि ‘ब्यूटिफुलसूप4’चे ‘बीएस4’. याच्या उलट बाजूने तुमच्याच फाइलचे नाव आड येऊ शकते. चालवलेल्या फाइलचे फोल्डर सिस.पाथमध्ये सर्वांत आधी असल्यामुळे, सरावासाठी लिहिलेल्या फाइलला कोणी ‘नमपाय.पीवाय’ असे नाव दिले, तर इम्पोर्ट खऱ्या नमपायपर्यंत पोहोचतच नाही. मग मॉड्यूल ‘पार्शली इनिशियलाइज्ड’ आहे, बहुधा सर्क्युलर इम्पोर्ट असावा, असा गोंधळात टाकणारा संदेश येतो. पायथन 3.13 पासून फाइलचे नाव बदलण्याची सूचना संदेशातच मिळू लागली आहे. फाइलचे नाव बदलणे हाच उपाय. पायथन दहा वेळा टाकूनही ती फाइल तिथेच राहणार.

एका बाबतीत मात्र त्या सल्ल्यात तथ्यांश आहे: काहीतरी खरोखरच हरवलेले असू शकते. विंडोजवर ‘डीएलएल लोड फेल्ड’ (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणारी कोडची फाइल) अशी एरर येऊन पुढे निर्दिष्ट मॉड्यूल सापडले नाही असे म्हटलेले असते, तेव्हा नाव पॅकेजच्या फाइलचे दिसते, पण ती फाइल जागेवर असून तिला लागणारी दुसरी फाइल गैरहजर असते. ती अनेकदा मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रनटाइममधली असते, तेव्हा तो रनटाइम टाकावा लागतो. शिवाय पायथन 3.8 पासून अशा फाइली पाथ व्हेरिएबलमधल्या (प्रोग्रॅम कोठे शोधायचे त्याच्या विंडोजच्या यादीतल्या) फोल्डरांत शोधल्या जात नाहीत, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांमधले ‘पाथमध्ये फोल्डर जोडा’ हे उत्तर आता लागू पडत नाही. आणि नेट तुटल्याने किंवा डिस्क भरल्याने इन्स्टॉल अर्ध्यात थांबून फाइलीच अपुऱ्या राहिल्या असतील, तर पुन्हा टाकणे हाच योग्य इलाज ठरतो. तोही फक्त त्या पॅकेजपुरता, ‘फोर्स-रीइन्स्टॉल’ आणि ‘नो-कॅश-डिर’ हे दोन पर्याय देऊन. त्यासाठी पायथनला हात लावावा लागत नाही.