वायदा चौदा दिवसांचा

बांधकाम कशामुळं रखडलं असं कुणालाही विचारा, लेबर नाही, वाळू नाही, पाऊस लागला ही तीन उत्तरं तयारच असतात. खरं उत्तर माझ्या एक्सेलमधी असतंय. परभणीत एका मोठ्या बिल्डिंगच्या साईटवर मी कंत्राटदाराच्या ऑफिसात बसतो अन् माझ्याकडं खातं सबमिटलचं. म्हणजे बिल्डिंगमधी जे काही जाणार, सळईपासून नळाच्या तोटीपर्यंत, त्याचा कॅटलॉग, ड्रॉइंग, टेस्ट रिपोर्ट, सॅम्पल सगळं आधी वर पाठवायचं, अन् मंजुरी आल्याबिगर ऑर्डर द्यायची नाही. आता जगात जर्मनी अन् भारतात परभणी हे खरंय, पण मंजुरी पुण्यात.

कागद आधी जातो पीएमसीकडं, म्हणजे मालकानं कामावर देखरेखीला नेमलेल्या सल्लागार कंपनीकडं, पीएमसी तो आर्किटेक्टकडं सरकवतंय, आर्किटेक्ट म्हणतो हे एमईपीवाल्याचं, म्हणजे लाईट-नळ-मशिनरी बघणाऱ्याचं, एमईपीवाला म्हणतो ह्याचं वजन स्ट्रक्चरलवाल्यानं बघितलं का, अन् स्ट्रक्चरलवाला फॉरेनला गेलेला असतो. करारात लिहिलंय १४ दिवसात उत्तर. पण प्रत्येकजण आपले १४ नव्यानं मोजतो, अन् ते बी कामाचे दिवस, रविवार सोडून. आपल्याकडं १९४८ साली १३ सप्टेंबरला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या अन् १७ ला निजामानं हात टेकले, अख्खं संस्थान पाच दिवसात मोकळं. इथं एका फायर पंपाचा कॅटलॉग मोकळा होईना! मागच्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून, जिलेबी खाऊन ऑफिसात आलो तर मेल आलेला, फाईल ओपन होत नाही, परत पाठवा. म्हणजे इतके दिवस ती कुणी उघडून बी बघितली नव्हती.

उत्तर आलंच तर ए, बी, सी, डी असं येतंय. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे मंजूर पण शेरे पाळा, सी म्हणजे सुधारून परत पाठवा, डी म्हणजे विसरून जा. आमच्या नशिबी बहुतेक सी. कारण काय तर 'रेफर अर्लियर कमेंट'. अर्लियर कमेंट हुडकली तर तिथं लिहिलेलं 'ॲज डिस्कस्ड'. कुणाशी डिस्कस केलं, कधी केलं, त्या माणसानं नोकरी सोडून वर्ष झालं.

पण सगळं खापर त्यांच्यावर फोडणं बी बरोबर नाही. आपले व्हेंडर लोक काय कमी नाहीत. साठ पानाचा कॅटलॉग पाठवायचा, त्यात सतरा मॉडेल, अन् आपलं कोणतं त्यावर साधी पेनाची खूण नाही, मग तपासणाऱ्यानं काय कुंडली मांडून ओळखायचं का? मी आता खूण केल्याशिवाय कुणाचा कागद टेबलावर घेतच नाही, व्हेंडर मला खडूस म्हणतात, म्हणू द्या.

खरी गंमत टाइल्सची. टाइल्सवर सगळ्यांना मत असतंय. मालकाला, मालकाच्या मेव्हण्याला, आर्किटेक्टला, चहावाल्या पोराला बी. आयव्हरी का ऑफ-व्हाइट ह्यावर दोन-दोन तास मीटिंग, अन् त्याच मीटिंगमधी लिफ्टचं ड्रॉइंग निघालं की सगळे घड्याळ बघतात. आता बघा, लिफ्टचा खड्डा किती खोल, वर डोक्याशी किती जागा सोडायची हे त्या ड्रॉइंगवरून ठरतंय, म्हणजे ते पायाच्या कामातच मंजूर पाहिजे, टाइल्स तर शेवटी लागतात. म्हणून माझा हिशोब उलटा चालतो. समजा लिफ्ट मार्चमधी साईटवर पाहिजे. कंपनीला बनवायला चार महिने, वाटेत पंधरा दिवस, तपासायला १४, अन् सी येणार हे धरूनच अजून १४, शिवाय मधी दिवाळी आली, म्हणजे कागद सप्टेंबरच्या सुरुवातीलाच गेला पाहिजे. हे मी मीटिंगमधी सांगितलं की मालकाचा मेव्हणा म्हणतो, "अहो आत्ता तर प्लिंथ बी झाली नाही, एवढी काय घाई करायलेत?"

फोन करून, गोड बोलून, कधी हुरडा पार्टीला बोलवून कागद हलतो. एकच गोष्ट हलत नाही, काँक्रीटचा क्यूब. मिक्स डिझाइन म्हणजे काँक्रीटमधी सिमेंट, वाळू, खडी, पाणी किती ते ठरवणं, अन् क्यूब म्हणजे त्याच काँक्रीटचा ठोकळा, तो दाबून फोडून ताकद बघतात. हा आकडा सात दिवसाला अंदाज देतो, पक्का २८ दिवसाला. क्यूबला फोन लावता येत नाही, त्याला हुरडा बी चालत नाही. म्हणून मिक्स डिझाइनची फाईल मी सगळ्यात आधी काढतो.

उन्हाळ्यात तर लयच. चाळीसच्या वर पारा गेला की आयएस ७८६१ ह्या भारतीय मानकाप्रमाणं काँक्रीटची वेगळी काळजी घ्यायची असते, अन् परभणीत चाळीसच्या वर म्हणजे एप्रिल-मे सगळाच आला. मग आम्ही पद्धत लिहून पाठवली, रात्री काँक्रीट करू, खडीवर पाणी मारू, टाकीवर सावली करू. उत्तर आलं मृग लागल्यावर. बाहेर धो धो पाऊस, साईटवर काळ्या मातीचा चिखल गुडघ्याएवढा, अन् मेलमधी लिहिलंय, पद्धत मंजूर पण पाण्यात बर्फ टाकण्याचा उल्लेख करावा. मे महिन्यात परभणीतला बर्फ रसवंतीवाल्यांना पुरत नाही, पण असो, जूनमधी भरपूर होता, उल्लेख करून टाकला.

सध्या अडकलंय ते टाइल्सवरच. ढिगानं सॅम्पल बघून शेवटी एक पसंत पडली, आर्किटेक्टनं मागच्या बाजूला मार्करनं सही केली, मी ती सॅम्पल रूममधी ठेवली. आता माल आला तर पीएमसी म्हणतंय सही केलेल्या सॅम्पलशी जुळवून दाखवा. सॅम्पल गायब. सगळी साईट पालथी घातली तर टाइल सापडली माठाखाली, माठ डुलायला लागला म्हणून मिस्त्रीनं टेकू दिला होता. पाणी ठिबकून ठिबकून सही साफ धुऊन गेलेली. मी डोक्याला हात लावून खाली बसलो तर मिस्त्री मार्कर घेऊन आला.

"सायब, एवढं काय टेन्शन घेता? त्यांची सही म्या बघितली होती की. दोन रेघा अन् एक टिंब. करू का?"

मार्कर काढून घेतला, नवीन टाइल खोक्यात भरली अन् संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला लावून दिली. वर चिठ्ठी लावली, अर्जंट. आजपासून १४ दिवस. कामाचे.