इंजेक्शन चालू आहे, मग डाएटिशियन कशाला?

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: वजन कमी करायचं इंजेक्शन घेताय ना, मग डाएटिशियनवर पैसे उडवू नका. भूकच मरते, माणूस आपोआप कमी खातो, काटा खाली येतो. फारच वाटलं तर प्रोटीनचा डबा आणा. वजन उतरलं की इंजेक्शन बंद. डाएटिशियन वेगळं काय देणार, तोच छापील तक्ता!

अशा इंजेक्शनातलं एक औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. त्याचं भारतातलं पेटंट मार्च 2026 मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. त्यामुळे हा सल्ला आता बऱ्याच घरांत पोचणार, म्हणून उत्तर देतेय. मी स्वतः आहारतज्ज्ञ आहे, तेव्हा या वादात माझंही पोट गुंतलेलं आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

औषध काम करतं, यात वाद नाही. सेमाग्लुटाइडची ‘स्टेप 1’ ही मोठी चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 1961 माणसं होती. 68 आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, नुसतं खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. मजकूर लिहिणारा इथेच थांबतो. पण त्या चाचणीत दोन्ही गटांना दर चार आठवड्यांनी आहार-व्यायामाचा सल्ला मिळत होता, रोज 500 कॅलरी कमी खायचं ठरवून दिलं होतं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल सांगितली होती. म्हणजे ज्या आकड्याच्या जोरावर ‘सल्ला नको’ म्हणायचं, त्या आकड्यातच सल्ला मुरलेला आहे.

आता माझ्याच व्यवसायाला अडचणीचं ठरेल असं एक सांगते. ‘स्टेप 3’ या चाचणीत सल्ल्याचा मारा बराच वाढवला. आहारतज्ज्ञांबरोबर 30 बैठका आणि सुरुवातीचे आठ आठवडे कडक आहार. तरीही औषधवाल्यांची घट भरली 16 टक्के. दोन वेगळ्या चाचण्यांची थेट तुलना करू नये हे खरं, पण फरक डोळ्यात भरण्याजोगा नाही. त्यामुळे ‘माझ्याकडे या, जास्त किलो उतरवून देते’ असं एखादी डाएटिशियन म्हणाली तर सांभाळून. आमचं काम काट्यावर दिसत नाही, ते ताटात दिसतं.

‘आपोआप कमी खाल्लं जातं’ हे अगदी खरं. पण काय कमी खाल्लं जातं? माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या वहीतला एक दिवस बघा. बाई शिक्षिका, वजन 84 किलो, औषधाचा दुसरा महिना. सकाळी चहा, दोन मारी बिस्किटं. अकराला पातळ ताक. दुपारी अर्धी पोळी आणि दोन चमचे बटाट्याची भाजी, ‘पुढे जाईना’. पाचला परत चहा. रात्री वरणभाताचे चार घास. दिवसाचं प्रोटीन धरा पंधरा ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅमची आहे, आणि वजन झपाट्यानं उतरत असताना ती 1.2 च्या पुढे न्यावी असं तज्ज्ञ म्हणतात. बाईंचं उद्दिष्ट वजन 65 किलो धरलं तरी 78 ग्रॅम होतात. बाई खूश होत्या, काटा हलत होता. केस गळतात आणि जिना चढताना पाय भरून येतात, हे त्यांनी निघता निघता सांगितलं.

यात त्यांचा दोष नव्हता. या औषधानं पोट हळू रिकामं होतं, मळमळतं, मग घट्ट डाळ, अंडं, मासा नकोसा वाटतो आणि हात बिस्किट-खारीकडे जातो. भूक मेली म्हणून शहाणपण येत नाही. आम्ही केलेले बदल साधे होते. जेवायला बसल्यावर पहिले घास प्रोटीनचे, पोळी-भात मागून. सकाळी बिस्किटांऐवजी मुगाचं छोटं धिरडं किंवा उकडलेलं अंडं. पातळ ताकाच्या जागी बांधलेलं दही. बांगडा तळलेला नको, कालवणातला चालेल, कारण तळलेलं पोटात तासन्‌तास बसून राहतं. पाणी जेवताना ढसाढसा प्यायचं नाही, दिवसभर घोट घोट. बद्धकोष्ठतेवर इसबगोल सगळेच सांगतात, पण पाणी न वाढवता घेतलं तर त्रास वाढतोच.

पुढचा मुद्दा: ‘काटा उतरतोय म्हणजे चरबी जातेय.’ ‘स्टेप 1’ मधल्या 140 जणांचं शरीर स्कॅन करून तपासलं, तेव्हा गेलेल्या वजनातला सुमारे 40 टक्के भाग चरबी सोडून इतर ऊतींचा निघाला. त्यात पाणी वगैरेही येतं, सगळाच स्नायू नव्हे, आणि कुठल्याही मार्गानं वजन उतरलं तरी थोडा स्नायू जातोच. पण आपली भारतीयांची स्नायूंची मुळातली पुंजीच तुटपुंजी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा) 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले अशी आपली ठेवण. अशा माणसानं स्नायू गमावणं महागात पडतं, आणि पन्नाशीनंतर तो परत मिळवणं जिकिरीचं. खाण्याबरोबर वजन उचलायचे व्यायाम हवेत ते यासाठी.

प्रोटीनचा डबा? गरज पडली तर मीही देते. ज्याला घन पदार्थ जातच नाहीत त्याला उपयोगी. पण डब्यातून भाजी, फळ मिळत नाही, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडूच नये.

मजकुरात नसलेली एक गोष्ट मला जास्त धोक्याची वाटते: उपवास. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू, त्यात हे इंजेक्शन, त्यात एकादशी, आणि ‘तशीही भूक नाही’ म्हणून दिवसभर नुसता चहा. साखर धाडकन खाली येऊ शकते. गोळीचा डोस बदलणं डॉक्टरांचं काम. पण कोण कुठला उपवास किती कडक करतं, संकष्टीला काय आणि नवरात्रात काय, हे विचारायला दवाखान्यात वेळ नसतो. आम्ही ते विचारतो आणि पेशंटला डॉक्टरांकडे धाडतो. उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, किंवा पोटात असं दुखतंय की कळ पाठीत जाते, तर आमच्याकडे यायचंच नाही, थेट डॉक्टर गाठायचा.

‘वजन उतरलं की बंद’ हेही इतकं सोपं नाही. ‘स्टेप 1’ मधल्या काही जणांचं औषध थांबवल्यावर वर्षभर निरीक्षण केलं, तर उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. तिथे औषधाबरोबर सल्लाही बंद केला होता, म्हणून ‘सल्ला चालू असता तर आलं नसतं’ असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. भूक परत येते, ती औषधानं दाबलेली होती. कधी आणि कसं थांबवायचं हे ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

राहिला छापील तक्ता. हा आरोप आमच्यापैकी अनेकांनी कमावलेला आहे. सोलापूरच्या माणसाला ओट्स आणि मालवणच्या माणसाला किनोआ लिहून देणारे आहेतच, आणि दोन महिन्यांचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. म्हणून आधी शिक्षण विचारा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आर. डी.’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) नोंदणी आहे का ते बघा. मग पहिल्या भेटीत ऐका, ती तुम्हाला काय विचारते. औषध कोणतं, डोस किती, इंजेक्शनचा वार कोणता, त्यानंतरचे दोन दिवस पोट कसं असतं, घरी स्वयंपाक कोण करतं. यातलं काहीच न विचारता कागद पुढे सरकवला, तर त्या एका बाबतीत मजकूर लिहिणाऱ्याचं बरोबर आहे. फी देऊन या आणि दुसरी शोधा.