सहा तिकिटं आणि दशकाचा कौल

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. एक शाळेच्या बॅचचा, एक सोसायटीचा, एक नात्यातला, आणि चौथा गणपतीच्या वर्गणीसाठी काढलेला, जो विसर्जनानंतर कुणीच बंद करत नाही. मेसेज लांबलचक आहे, पण म्हणणं थोडक्यात असं: २०१० ते २०१९ या दशकातले सर्वोत्तम मराठी चित्रपट म्हणून समीक्षक ज्यांची नावं घेतात, ते ‘कोर्ट’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘कासव’ वगैरे कुणी पाहिलेलेच नाहीत. जनतेनं कौल दिला तो ‘दुनियादारी’, ‘टाइमपास’, ‘लय भारी’ आणि ‘सैराट’ला. तिकीटखिडकी खोटं बोलत नाही. ऑनलाइन रेटिंग म्हणजे लोकशाही. पुरस्कार म्हणजे आपापसातली देवाणघेवाण. आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाला पडद्यावर पुन्हा रडगाणं नको असतं. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही, म्हणून पुढे न पाठवता उत्तर लिहितोय.

‘तिकीटखिडकी खोटं बोलत नाही.’ नसेल बोलत. पण तिला जेवढं विचारलं तेवढंच ती सांगते. ‘कोर्ट’ १७ एप्रिल २०१५ला लागला. आमच्या सोलापुरात त्याला एका थिएटरात दुपारी बाराचा एकच खेळ मिळाला. त्याच महिन्यात सरकारनं जाहीर केलं होतं की मल्टिप्लेक्सांनी मराठी चित्रपट प्राइम टाइमला, म्हणजे संध्याकाळी ६ ते ९, लावलाच पाहिजे. त्यावर गदारोळ झाला, थिएटरवाल्यांशी बोलणी झाली आणि प्राइम टाइमची व्याख्या ताणून दुपारी १२ ते रात्री ९ करण्यात आली. सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी बाराला प्राइम टाइम फक्त उन्हाचा असतो. डांबराला चप्पल चिकटते. तरी आम्ही गेलो. खिडकीपाशी सहा जण जमलो होतो, त्यातले चार एकमेकांना ओळखत नव्हते. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, दहा तिकिटं झाल्याशिवाय शो सुरू होत नाही. आमच्यात वकिलाकडे कारकुनी करणारे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, ‘उरलेल्या चारचे पैसे मी देतो, लाव बे.’ पोरानं आत फोन केला. आतून नकार आला, कारण तोवर स्क्रीन दुसऱ्या पिक्चरला देऊन टाकला होता. पुढच्या शुक्रवारी पोस्टरही उतरलं.

आता त्या शोची नोंद काय झाली असेल? शून्य. मेसेज लिहिणाऱ्याच्या भाषेत सोलापूरच्या जनतेनं ‘कोर्ट’ नाकारला. प्रत्यक्षात सहा माणसं उन्हात पाकीट काढून उभी होती. सहा म्हणजे साठ नव्हेत, कबूल. पण जो खेळ झालाच नाही त्याचा कौल मोजायचा कसा, हे मला कुणी तरी सांगा. नंतर मी तो चित्रपट पुण्यात मित्राच्या घरी पाहिला. कोर्टात आलेल्या एका बाईंनी बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून न्यायाधीश त्यांचा खटला त्या दिवशी ऐकतच नाहीत, या प्रसंगाला आम्ही पोट धरून हसलो होतो. कारकून गृहस्थ असते तर त्यांनी शेजारच्याला कोपर मारून म्हटलं असतं, ‘अगदी अस्संच असतंय.’

खिडकीचं दुसरं असं की तिचं उत्तर वर्षागणिक बदलतं. ‘तुंबाड’ हिंदीत असला तरी गोष्ट आपल्या कोकणातली. तो ऑक्टोबर २०१८मध्ये आला आणि बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४मध्ये तोच पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. पिक्चर तोच होता, त्यातला शापित देव हस्तरही तोच. मग खिडकी २०१८मध्ये खरं बोलली की २०२४मध्ये? व्हेनिसच्या महोत्सवात तो २०१८मध्येच दाखवला गेला होता, म्हणजे ‘कुणी न पाहिलेलं’ डोक्यावर घेणारे ते लोक निदान या बाबतीत सहा वर्षं पुढे होते.

‘सैराट जनतेचा, फँड्री समीक्षकांचा.’ हा मुद्दा वाचून मात्र मी चहाचा कप खाली ठेवला. बाकी कुठल्या जिल्ह्यातल्या माणसानं हे लिहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. सोलापूरकरानं हे फॉरवर्ड करावं? दोन्ही चित्रपटांचा दिग्दर्शक, नागराज मंजुळे, आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. ‘सैराट’ची नायिका आर्ची, म्हणजे रिंकू राजगुरू, अकलूजची. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला आपल्याकडे लागला, पण त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. मार्चमध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले त्यात रिंकू राजगुरूला विशेष उल्लेख मिळाला होता. म्हणजे ज्यांना आपलं काही कळत नाही असं मेसेज सांगतो, त्यांनी आर्चीला आपल्याआधी पाहून ठेवलं होतं. शंभर कोटींचा आकडा गाठणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला, पण ते नंतर.

मी तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘झिंगाट’ला पुढच्या दोन रांगा पडद्यापाशी जाऊन नाचत होत्या. चिल्लर उडत होती आणि चपला कुठच्या कुठे गेल्या होत्या. शेवटी पडद्यावरचा आवाजच बंद होतो आणि बाळाची लाल पावलं उंबऱ्याबाहेर उमटत येतात. त्या शांततेत पंख्यांची घरघर ऐकू येत होती. दिवे लागले तेव्हा नाचून घसा बसलेला एक पोरगा अनवाणीच उभा होता. चपला शोधायच्या हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं. मित्रानं त्या आणून पायापाशी ठेवल्या.

आता ‘फँड्री’. जब्या हा गावातली डुकरं पकडणाऱ्या घरातला शाळकरी पोरगा. त्याचं सगळं घर डुकराच्या मागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर निवांत निघून जातं. पुढे पकडलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई. या दृश्याला समीक्षकांनी पानंच्या पानं दिली, ती उगाच दिली असं वाटत असेल तर ते दृश्य पुन्हा पाहावं. मला विचाराल तर ‘फँड्री’त जे कारल्यासारखं सरळ ताटात वाढलं, तेच ‘सैराट’मध्ये आधी दीड-दोन तास गूळ चारून मग वाढलं. वाढणारा एकच. त्यातलं एक ताट जनतेचं आणि दुसरं समीक्षकांचं अशी वाटणी मेसेजवाल्यानं केली आहे. नागराज मंजुळे यांनी ती कधी केलेली दिसत नाही.

‘ऑनलाइन रेटिंग म्हणजे लोकशाही.’ मतदार यादी नसलेली लोकशाही, एवढी दुरुस्ती हवी. आयएमडीबी ही चित्रपटांना लोकांकडून गुण घेणारी साइट आपल्या रेटिंगमध्ये सगळ्या मतांची साधी सरासरी काढत नाही, ती मतांना वजन देते. समीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवरचा टक्का म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुणही नव्हेत. किती समीक्षकांनी बरं म्हटलं, एवढाच तो हिशोब. सगळ्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं तरी शंभर टक्के होतात! आणि ‘प्रेक्षकांचं मत’ म्हणून जे दाखवतात त्याची गंमत २०१७च्या ‘द लास्ट जेडाय’ या स्टार वॉर्स चित्रपटात झाली. तिथे समीक्षक नव्वदीत आणि साइटवरचे प्रेक्षक चाळिशीच्या आसपास. झालं, जगभर बोंब: बघा समीक्षक आणि जनता! पण अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांनाच विचारते, आणि त्या तिकीट काढलेल्या लोकांनी त्याच चित्रपटाला ‘ए’ श्रेणी दिली होती. म्हणजे भांडण प्रेक्षकांचं प्रेक्षकांशीच होतं. २०१९मध्ये रॉटन टोमॅटोजला प्रदर्शनाआधीच्या शेरेबाजीची सोय बंद करावी लागली, कारण चित्रपट पाहण्याआधीच लोक राग काढत होते. आपल्याकडेही ट्रेलरवरून एक तारा देणारे महाभाग काही कमी नाहीत.

पुरस्कारांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांचे परीक्षक म्हणजे समीक्षक, हीच गफलत आहे. तिथे दिग्दर्शक, छायालेखक, लेखक असे धंद्यातले लोक बसतात. उत्तम समीक्षकाला तिथे वेगळा पुरस्कार असतो, म्हणजे समीक्षकही परीक्षेला बसलेलेच. आणि पुरस्कार मिळालेला म्हणजे न चाललेला, हेही खरं नाही. ‘नाळ’ घ्या. लोकांनी गर्दी केली, आणि दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आपल्या पंढरपुरात घडणारा ‘एलिझाबेथ एकादशी’ घ्या. कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडणारी ती पोरं आमच्या घरी आजीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहेत. त्यालाही बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार होता. आजीला ते माहीत नव्हतं, आणि तिचं काही अडलंही नाही.

समीक्षकांची वकिली करायला मी बसलेलो नाही. त्यांच्या याद्यांत विनोदी चित्रपटाला कायम उंबऱ्याबाहेर उभं करतात, हे मलाही खटकतं. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१चा. त्यांच्या रौप्यमहोत्सवांचा विक्रम झाला तरी शिष्ट मंडळींची मुरडलेली नाकं सरळ व्हायला किती वर्षं लागली ते आपल्या वडिलांना विचारा. फ्रान्समधल्या ‘काये दु सिनेमा’ या मातब्बर मासिकानं तर २०१०च्या दशकातला सर्वोत्तम ‘चित्रपट’ म्हणून अठरा भागांची टीव्ही मालिका निवडली. ‘ट्विन पीक्स: द रिटर्न’ थोर असेलही, पण मग आमच्या घरात रोज रात्री आठला जे चालतं त्यालाही नामांकन द्या. ‘दुनियादारी’नं कॉलेजच्या पोरांना मराठी पिक्चरच्या रांगेत आणून उभं केलं, याची दखल न घेता दशकाचा आढावा लिहिणारा समीक्षकही अर्धवटच.

पण मेसेजमधली ‘जनता’ त्याहून अर्धवट आहे. सोलापुरात राहून हे कळू नये? अशोक चौक ओलांडून पूर्व भागात या आणि विचारा, दशकातला सर्वांत मोठा पिक्चर कोणता. तिथे घरात तेलुगू बोलतात आणि तेलुगू पिक्चर तेलुगूतच पाहतात. ‘बाहुबली’चं नाव निघेल, आणि दुसऱ्या क्रमांकासाठी ज्या नटांच्या नावानं भांडण लागेल ते मेसेजवाल्याला ठाऊकही नसतील. विजापूर वेशीला विचारलंत तर सलमान, अक्कलकोटच्या बाजूला गेलात तर कन्नड. एका शहरात चार जनता, आणि हा गडी ‘महाराष्ट्राच्या जनतेच्या’ नावानं एकच यादी छापून मोकळा.

राहिला शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. ‘दिवसभर राबणाऱ्या माणसाला रडगाणं नको असतं.’ एक तर समीक्षकांना करमणुकीचं वावडं असतं हे खोटं. २०१५चा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाड्यांचा पाठलाग आणि स्फोट. त्याला सहा ऑस्कर मिळाले आणि जगभरच्या समीक्षकांच्या दशकयाद्यांत तो वरच्या जागांवर आहे. पण ते राहू दे. राबणाऱ्या माणसाला काय नको असतं हे परस्पर ठरवणारे स्वतः बहुधा एसीत बसून टाइप करतात.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत. टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, तीस वर्षं झाली. मागांच्या खडखडाटानं एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून घरातला टीव्ही सगळ्या गल्लीला ऐकू जातो. चिरंजीवीचा जुना पिक्चर लागला की आम्हाला भिंतीपलीकडून डायलॉग पाठ होतात. एका रविवारी त्यांचा टीव्ही बिघडला होता, म्हणून ते आमच्याकडे येऊन बसले. आमच्याकडे ‘फँड्री’ लागला होता. म्हटलं, मामा, बदलू का, हा जरा वेगळा आहे. ‘असू दे की,’ म्हणाले. पहिला अर्धा तास शेंगा सोलत बघितला. राष्ट्रगीताच्या वेळी मोठ्यानं हसले आणि मग एकदम हसायचे थांबले. त्यानंतर शेंगा तशाच मांडीवर राहिल्या.

शेवटी जब्या दगड उचलतो आणि थेट आपल्या दिशेनं भिरकावतो, पडदा काळा होतो. मामांनी मान किंचित बाजूला केली, खरोखरच दगड येतोय असं समजून. मग स्वतःच ओशाळून हसले.

मामांनी तिकीट काढलं नव्हतं. त्यांना आयएमडीबी माहीत नाही, आणि समीक्षक हा शब्द त्यांनी कधी वापरला असेल असं वाटत नाही. मेसेजच्या कुठल्याच रकान्यात ते बसत नाहीत. उठताना टरफलं ओंजळीत गोळा केली आणि विचारलं, ‘हे कुठलं पोरगं बे?’

म्हटलं, दिग्दर्शक आपल्या जेऊरचा आहे, करमाळ्याजवळ.

‘व्हय?’ म्हणाले. ‘मग आधी सांगायचं की. सुरुवातीपासून नीट बघितलं असतं.’ आणि रात्रपाळीला गेले.